पक्षाघातानंतर घरी आणलेले बाबा : औषध, समुपदेशन, प्रार्थना कोणत्या क्रमाने?

बावखल_वसई
नमस्कार मंडळी. बाबा 71 वर्षांचे. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली, उजवे अंग लुळे, बोलणे जवळजवळ बंद. समजते मात्र सगळे. पाच आठवडे झाले. मधुमेह आहे. पातळ पाण्याचा ठसका लागतो. दिवसातून चार-पाच वेळा एकदम हुंदके देऊन रडतात.

आम्ही कॅथलिक, घर वसईत. औषधे सोडून महिन्याला 12 हजार काढू शकतो. समोर तीन गोष्टी आहेत : तीन दिवसांचे निवासी प्रार्थना शिबिर, घरी येणारा समुपदेशक, आणि फादरांना बोलावून तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा चर्चचा विधी. आईला तैलाभ्यंग नको, कारण तिच्या मनात ते शेवटच्या घटकेचे आहे. बाबांचे शरीर, मन, आत्मा तिन्ही सांभाळायचे आहे. काय करू?

मिरजकर
वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात न्या, दुसरा विचार नको. आयडा स्कडरबाईंनी 1900 साली एका खाटेवर सुरू केलेले काम आहे ते. डॉक्टर, फिजिओ, बोलणे शिकवणारे आणि पाळक एकाच रुग्णाभोवती असतात. खर्चाचे नंतर बघता येईल.

नगरची_ताई
12 हजारांत वेल्लोरचे राहणे-जाणे बसणार आहे का? दादाने आकडा लिहिलाय, तो वाचा.

मिरजकर
आकड्याने बरे होत नाही माणूस. आणि मिशन दवाखाने म्हणजे काय ते आम्हाला मिरजेत सांगायला नको. मिशनरी डॉक्टर वॉनलेसांनी 1894 मध्ये उभे केलेले रुग्णालय आहे इथे.

वांद्रे_पश्चिम
शांती अवेदना सदन, वांद्रे. देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे सेवाघर, 1986 पासून. सिस्टर्स सांभाळतात, पैसे घेत नाहीत. तिथेच ठेवा.

परिचारिका_पुणे
शांती अवेदना फक्त शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी आहे. पक्षाघाताला घेणार नाहीत.

बावखल, शिबिराचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तीन दिवस सतरंजीवर किंवा खुर्चीत बसवलेत तर माकडहाडावर जखम होईल, आणि मधुमेहात ती भरायला महिने लागतात. घरी दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन 30 अंशांचा कल पुरे. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा हवेत राहतील. हवेची गादी घेणार असाल तर पंपाचा दाब वजनाप्रमाणे लावा आणि बाबा झोपलेले असताना कमरेखाली, गादीच्या खालून तळहात सरकवून बघा. हात आणि अंग यांच्यामध्ये इंचभर हवा जाणवली पाहिजे. वर एकच चादर. लोक रबरी कापड, घोंगडी, दोन चादरी घालतात आणि मग गादी निकामी म्हणतात. रबरी गोल रिंग अजिबात नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा उलट दबतो.

उपासक_सोलापूर
गादी वगैरे ठीक, पण मूळ प्रश्न विश्वासाचा आहे. बायबलात याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे, मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा. आमच्याकडे येरुशलेमहून आणलेले ऑलिव्ह तेल आहे, ते पाठवू का? रोज पायांना चोळा. आणि घरच्यांनी व बाबांनी मिळून तीन दिवस उपास करा.

परिचारिका_पुणे
बाबांना उपास नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण चुकले की साखर 70 च्या खाली येते, आणि ज्याला बोलता येत नाही तो चक्कर येतेय हे सांगणार कसे? उपास घरच्यांनी करावा. लुळा पाय चोळायचाही नाही. पोटरी एका बाजूने सुजली, गरम लागली तर शिरेत गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाते. डॉक्टरांनाच दाखवा.

उपासक_सोलापूर
मग वचनाचा अर्थ काय राहिला?

धर्मग्राम_सेवक
वचनाचा अर्थ पूर्ण राहतो. कॅथलिक विधीत तेल कपाळाला आणि दोन्ही तळहातांना लागते, पायांना नाही. ते तेल पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वादित करतात. ऑलिव्हच हवे असेही नाही. 1972 पासून इतर वनस्पतींचे तेल चालते. विधी फक्त फादर करू शकतात.

आईंना एवढे सांगा : तैलाभ्यंग गंभीर आजाऱ्यासाठी आहे, मरणाऱ्यासाठीच नाही. आजार वाढला तर पुन्हा घेता येतो. शेवटच्या घटकेचा संस्कार म्हणजे वाटेची शिदोरी म्हणून दिलेला ख्रिस्तप्रसाद (मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, पवित्र केलेली भाकर), तो वेगळा. हा गोंधळ घरोघरी आहे आणि त्यामुळे माणूस बेशुद्ध झाल्यावर फादरांना फोन जातो. बाबा शुद्धीत आहेत तोवर घ्या. पापनिवेदनही होऊ शकते, बोलता येत नसले तरी मानेने, खुणेने चालते. घरच्यांनी तेवढा वेळ खोलीबाहेर थांबायचे.

बावखल_वसई
ख्रिस्तप्रसादाचे काय? ठसक्याची भीती वाटते.

वाणी_उपचार
भीती रास्त आहे. कोरडा प्रसाद टाळूला चिकटतो, तोंडाची एक बाजू बधिर असेल तर कळतही नाही आणि नंतर सुटून श्वासनलिकेत जातो. आधी तोंड ओल्या कापसाने पुसा. बाबांना 90 अंशांत ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. फादरांना आधी सांगून तांदळाच्या दाण्याएवढा कण मागा, तो चांगल्या म्हणजे डाव्या बाजूच्या जिभेवर ठेवायचा. लगेच दवाखान्यात ठरवून दिलेल्या दाटपणाचे पाणी अर्धा चमचा. उजवा गाल आतून तपासा. नंतर अर्धा तास आडवे करू नका.

धर्मग्राम_सेवक
कणही जमत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात देता येतो. मग थेंबच हवा, तोही पातळ असतो हे लक्षात ठेवा. प्रसादाआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला आणि त्याची काळजी घेणाऱ्यांना लागू नाही.

वाणी_उपचार
आणखी एक. बोलणे गेले तरी पाठ असलेले शब्द बहुधा उरतात. प्रभूची प्रार्थना, लहानपणापासूनची भजने. तुम्ही सुरुवात करा, ओळीचा शेवटचा शब्द बाबांना सोडा. सोबत त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर प्रत्येक अक्षराला हलकी थाप द्या. दोनच सुरांत, सावकाश, दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. नंतर त्याच चालीवर 'पाणी हवं' बसवा. हे उपचाराचेच तंत्र आहे.

नगरची_ताई
ना. वा. टिळकांची भजने घ्या, चाली सोप्या आहेत.

वांद्रे_पश्चिम
टिळक प्रोटेस्टंट मंडळींचे. वसईतल्या बाबांना मिस्सातली गीतेच पाठ असणार.

नगरची_ताई
टिळक सगळ्यांचे आहेत.

मनोविकार_विभाग
रडण्याबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण नसताना एकदम हुंदका, मिनिटभरात थांबतो, कधी त्याच तऱ्हेने हसूही येते : हा मेंदूतल्या इजेचा परिणाम. प्रार्थना गटात याला पश्चात्ताप समजून आणखी जोरात प्रार्थना करतात आणि रुग्ण लाजेने कोलमडतो. अशा वेळी हात धरा, विषय बदला, थांबू द्या. दुसरी गोष्ट उदासीनता : खाणे टाळणे, झोप मोडणे, फिजिओला नकार, भिंतीकडे तोंड. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला होते. गोळीला दोन ते चार आठवडे लागतात, गुण आला म्हणून एकदम बंद करायची नाही.

बोलता न येणाऱ्याला तासभराचे बोलके समुपदेशन देऊ नका. होय-नाहीचे प्रश्न विचारा. 'देव रागावलाय असं वाटतं का?' यावर मान होकारार्थी हलली तर योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचा. जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे, हे शिष्य येशूला विचारतात तिथपासून. घाईने आनंदाची स्तोत्रे नकोत. स्तोत्र 88 अंधारातच संपते, ते वाचलेले अशा माणसाला आधार देते, कारण त्याची तक्रार कोणीतरी देवासमोर मांडलेली असते. खचलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि झोप दिली, बोलणे नंतर झाले.

उपासक_सोलापूर
हे पटले. पण प्रार्थनेला दहा जण लागतात.

परिचारिका_पुणे
तीन पुरे, पंधरा मिनिटे. डाव्या बाजूला उभे राहा, उजवीकडचे त्यांना नीट दिसत नसेल. लुळा हात धरून वर उचलायचा नाही, हात जोडून देण्यासाठीसुद्धा नाही. खांद्याचा सांधा निखळतो. कोपर आणि मनगट खालून धरा. घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल तर मेणबत्ती दहा फुटांवर.

मिरजकर
तरी मी वेल्लोरच म्हणेन.

बावखल_वसई
सगळ्यांचे आभार. ठरवले ते सांगतो. शिबिर नाही, वेल्लोर नाही, समुपदेशकही आत्ता नाही. फिजिओ आठवड्यातून तीनदा, 500 रुपये वेळेला, म्हणजे सहा-साडेसहा हजार. उरलेल्यात भाड्याची हवेची गादी आणि मनोविकार डॉक्टरांची एक भेट.

तैलाभ्यंग घरीच होणार असे तुम्ही सगळे धरून चाललाय. बाबांना विचारले, घरी का चर्चमध्ये. 'चर्च'ला मान हलवली, दोनदा विचारले तरी तीच. 11 फेब्रुवारीला आजाऱ्यांची मिस्सा आहे, तिथे नेणार. फादरांशी बोलणे झाले : बाजूच्या दाराजवळ चाकाच्या खुर्चीची जागा, तांदळाच्या दाण्याएवढा कण, दाट पाण्याची बाटली माझ्याकडे. दर पंधरा मिनिटांनी त्यांना पुढे झुकवून बैठकीवरचा भार काढायचा. आई म्हणाली, सगळ्यांबरोबर रांगेत असेल तर शेवटचे वाटणार नाही. ती येतेय.

वाणी_उपचार
निघण्याआधी लघवीला नेऊन आणा, आणि बाटलीबरोबर चमचा घ्यायला विसरू नका.