कुत्र्याच्या पिल्लाचं ग्रूमिंग (केस, नखं, कान यांची निगा): लसी पूर्ण होईपर्यंत थांबायचं की आठव्या आठवड्यापासून सुरू करायचं?

कंगवा_कात्री
‘सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लाला ब्रश, नेलकटर काही लावू नका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे, विशेषतः शित्झू, ल्हासा, पूडल या लांब केसांच्या जातींच्या बाबतीत. यांचे केस वाढतच राहतात, त्यामुळे कंगवा आणि कात्री आयुष्यभर चुकत नाही. नवीन गोष्टी न बिचकता स्वीकारण्याचं पिल्लाचं वय साधारण ३ ते १४ आठवडे. लसींचे डोस संपतात १६व्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे थांबलात तर नेमका तोच काळ वाया जातो. मग पाच महिन्यांचं पिल्लू पार्लरच्या टेबलावर पहिल्यांदा चढतं आणि त्याच दिवशी गळ्यात पट्टा, अंगावर ब्लोअर, कानाशी ट्रिमर. ते घाबरून दात लावतं आणि ‘चावरं’ ठरतं.

सावध_पालक
पूर्ण असहमत. पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं. हा विषाणू जमिनीवर, टॉवेलवर, पिंजऱ्यात महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. त्याला पातळ केलेलं ब्लीच लागतं, तेही आधी घाण धुऊन काढून आणि जागा दहा मिनिटं ओली ठेवून. दोन कुत्र्यांच्या मधल्या पाच मिनिटांत कोणतं पार्लर एवढं करतं? ‘आठव्या आठवड्यापासून ग्रूमिंग’ असं लिहिलंत की लोक पिल्लू उचलून थेट पार्लर गाठतात. नुकसान तिथे होतं.

कंगवा_कात्री
पार्लरला न्या असं मी म्हटलेलंच नाही. सवय घरी लावायची, आणि तिला पाणीही लागत नाही.

रोज दोन-तीन मिनिटं पुरतात. पिल्लू खेळून दमलेलं असताना पुढचा एक पंजा हातात घ्या, बोटांच्या मध्ये अंगठ्याने हलकं दाबा, सोडा, आणि मग वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा: आधी स्पर्श, नंतर खाऊ. बहुतेकजण उलटं करतात, खाऊ दाखवून पंजा धरतात. काही दिवसांतच पिल्लू खाऊ दिसला की पळायला लागतं. पंजा जमला की कान उलटा करून बघा, मग ओठ वर करा, शेपटीचं मूळ, पोट. अवजारं त्यानंतर. ट्रिमर आधी बंदच अंगावरून फिरवा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला चालू ठेवून पिल्लाला जेवायला द्या, रोज थोडा जवळ आणा. त्याने खाणं थांबवलं की तुम्ही फार जवळ आलात.

रोखठोक
एवढे लाड कशाला? घट्ट धरायचं आणि नखं उरकायची. ओरडल्यावर सोडलंत की ‘ओरडलं की सुटका’ हेच ते शिकतं. चार महिन्यांनी तेच पिल्लू दहा किलोचं असेल, तेव्हा कोण धरणार?

कंगवा_कात्री
ओरडल्यावर सोडलं तर ओरडायला शिकतं, हे अगदी बरोबर. म्हणूनच त्याच्या आधी थांबायचं. ओरडणं शेवटी येतं. त्याआधी पिल्लू ओठ चाटतं, झोप नसताना जांभया देतं, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेने बघतं, अंग ताठ करून स्तब्ध होतं. या स्तब्ध होण्यालाच लोक ‘किती शांत आहे’ म्हणतात, आणि घट्ट धरून उरकण्याचा धोका तोच: पिल्लाची भीती शांतपणा वाटते.

नखांचं म्हणाल, तर एका बसणीत एकच नख कापलं तरी चालतं. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून मिलिमीटरभराचे काप घ्या. कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ओलसर ठिपका दिसला की तिथेच थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन दाबून धरा. एकदा दुखलं की पुढचे कित्येक आठवडे पंजा मिळत नाही, त्यामुळे घाईत वेळ वाचत नाही.

गावठी_प्रेमी
सगळी चर्चा शित्झूभोवती चालली आहे. देशी पिल्लाला किंवा लॅब्राडोरला पार्लरची गरजच नाही. आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश, महिन्याकाठी एक आंघोळ, बस. त्याऐवजी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज हात घालायची सवय लावा. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड तिथेच दडून बसतात आणि टिक फीव्हर त्यातूनच होतो. पंजा न देणाऱ्या कुत्र्याचा गोचीड कोण काढणार?

कंगवा_कात्री
मान्य, फक्त लॅब्राडोरची उन्हाळ्यात मशीन लावून हजामत करू नका. लांब केसवाल्यांबाबत मात्र एक धोका सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. ब्रश वरवर फिरतो आणि खाली जटा होतात. एका हाताने केस वर उचलून धरा आणि थराथराने मुळापासून टोकाकडे विंचरा. शेवटी बारीक कंगवा अडकत नाही ना, बघा. कानामागे, काखेत, हार्नेसच्या (छातीभोवतीच्या) पट्ट्याखाली आधी तपासा. गुंता आंघोळीपूर्वीच सोडवा, कारण पाण्याने तो आणखी घट्ट बसतो. आठव्या ते बाराव्या महिन्यात पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात तेव्हा जटा झपाट्याने होतात. कंगव्याची सवय तोपर्यंत मुरलेली हवी.

सावध_पालक
घरच्या सवयीला माझी हरकत नाही, ते आठव्या आठवड्यापासूनच करा. पण पार्लरबाबत मी माघार घेणार नाही: शेवटच्या डोसनंतर किमान दोन आठवडे थांबा. पहिल्या खेपेला केस कापायचेच नाहीत. सकाळची पहिली वेळ घ्या, टेबलावर उभं करणं, विंचरणं, लांबून ब्लोअरचा आवाज, एवढंच करून घ्या. पिल्लाजवळ थांबू देतात का, हे फोनवरच विचारा. नाही म्हणाले तर दुसरं पार्लर बघा.