मदत हवी आहे: बुटक्या शेळीच्या दुधाची फॅट अचानक का उतरली?

नमस्कार मंडळी. माझी नायजेरियन ड्वार्फ शेळी दुसऱ्या वेताची, व्यायल्याला अडीच महिने झालेत. दिवसाला सव्वा लिटर देते, एवढ्याशा जिवाच्या मानाने भरपूरच. या जातीच्या दुधाला 6 टक्क्यांच्या आसपास फॅट लागते (सानेन या मोठ्या दुधाळ जातीला साडेतीन). हिची साडेपाच लागायची, ती आठवड्यापासून चारवर आलीय.

करडं रात्री वेगळी बांधतो, सकाळी धार काढून मग सोडतो. धार संपली असं वाटतं, अन् करडानं ढुशी मारली की कास पुन्हा भरते. शेवटच्या धारांतच फॅट जास्त असते. म्हणजे ही पान्हा चोरतेय (करडांसाठी दूध रोखून धरतेय) का? मध्यंतरी खुराक वाढवून वाळला चारा कमी केला होता, त्यानेही असेल? कास मऊ आहे, दुधात गुठळ्या नाहीत. आधी काय बदलून बघू? जीव लागलाय हो तिच्यावर.