प्रतिसाद: लेकरांचं भांडण अन् खेळण्यांची टंचाई

वर दोघा-तिघांनी लिहिलंय की अंगणवाडीत खेळणी कमी आहेत म्हणून लेकरं भांडतात, खेळणी वाढवा. अर्धंच पटलं. अडीच-तीन वर्षाचं लेकरू बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेजारी बसून खेळतं, त्याच्यासोबत नाही, हे लेकरांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या मिल्ड्रेड पार्टेन बाईंनी 1932 मध्येच लिहून ठेवलंय, समांतर खेळ म्हणतात त्याला. मग त्याला "दे की त्याला, शेअर कर" म्हणत हातातलं ओढून घेतलं तर ते वाटून घ्यायचं नाही, ओढायचंच शिकतंय. त्या वयाला एकसारख्या दोन-तीन वाट्या, ठोकळे ठेवा, झालं. पण चार-पाच वर्षाच्यांना मात्र सगळंच भरपूर दिलं तर पाळी लावायची वेळच येत नाही, थोडं कमी असलेलंच बरं असं माझं मत, कुणाला पटो न पटो.

अन् मिळून खेळायला खेळणीच लागतात असंही नाही. आमच्या परभणीकडं वहिनी अंगणवाडी सेविका आहे, ती एक जुनी साडी पसरून कडेनं सगळ्यांना धरायला लावते, मधी चेंडू, खाली पाडायचा नाही. एकानं हात सोडला की चेंडू गेलाच, मग तेच एकमेकाला "ए धर की नीट" म्हणायलेत, बाईला ओरडायची गरज पडत नाही. संगीत खुर्चीसारखं आऊट होऊन कोपऱ्यात रडत बसणंही नाही. अन् ती नुसतं शाब्बास म्हणत नाही, "तू कोपरा घट्ट धरलास म्हणून चेंडू राहिला" असं नेमकं सांगते. साडी सुतीच घ्या, नायलॉनची लई निसटते.