'ग्रॅटिफाय' म्हणजे नुसतं खूश करणं? मग कायद्यातलं 'ग्रॅटिफिकेशन' कुठून आलं?

तळटीप
दक्षता सप्ताहानिमित्त एका अनुवादकांनी लिहिलेलं टिपण सध्या फिरतंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 'ग्रॅटिफाय' म्हणजे आनंद देणं. लाचेशी त्या शब्दाचा मुळात काही संबंध नाही. इंग्रजांनी आपल्या साहेबलोकांची पापं झाकायला लाचेला हे गोंडस नाव दिलं, आणि आपण ते अजून वाहतोय. तेव्हा ग्रॅटिफिकेशनसाठी कायद्याच्या भाषांतरात वापरतात तो 'परितोषण' वगैरे शब्द फेकून द्या, सरळ 'लाच' लिहा.

मी 22 वर्षं कायद्याच्या कागदांचं भाषांतर करतोय. हे वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लॅटिनमधला 'ग्रातुस' हा शब्द दुतोंडी आहे. आवडणारा तो ग्रातुस, आणि उपकार जाणणारा तोही ग्रातुस. त्याला 'करणे' जोडून क्रियापद झालं. ग्रेस, ग्रॅटिट्यूड, ग्रॅच्युइटी, काँग्रॅच्युलेट ही सगळी एकाच घरातली भावंडं. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत 'ग्रॅटिफाय' म्हणजे कुणाच्या कामाची पावती म्हणून काही तरी देणं, हा अर्थ चांगला रुळलेला होता. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये खटला संपल्यावर ड्यूक अँटोनिओला सांगतो की या गृहस्थांना ग्रॅटिफाय कर, तू त्यांचा मोठा ऋणी आहेस. तिथे 'त्यांना आनंद दे' असं भाषांतर करून बघा, किती विचित्र वाटतं ते! पुढच्याच ओळींत अँटोनिओचा मित्र बसानिओ 3000 डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, पुढे करतो. म्हणजे ड्यूक काय म्हणाला ते त्याला बरोबर कळलं होतं.

मेकॉलेच्या मंडळींनी 1837 च्या मसुद्यात आणि मग 1860 च्या दंड संहितेत हा शब्द घेतला तो नीट विचार करून. सरकारी नोकराच्या लाचखोरीच्या कलम 161 खालीच स्पष्टीकरण होतं की ग्रॅटिफिकेशन म्हणजे फक्त पैसा नव्हे, पैशात मोजता येईल तेवढंच तर नव्हेच. उदाहरणही होतं: एक मुन्सफ, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीश, सावकाराच्या बाजूने निकाल देतो आणि बदल्यात त्याच्या पेढीत आपल्या भावाला नोकरी लावून घेतो. रुपयाही हलला नाही, तरी गुन्हा झाला. हे 'लाच' या शब्दात मावतं का?

सातबारा
मावतं. आमच्या गावात कुणालाही विचारा. भावाला नोकरी लावली म्हणजे लाच खाल्ली, हे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही शहरात बसून लॅटिन उगाळा. आम्हाला तहसीलच्या भिंतीवरचा बोर्ड वाचायचा असतो. त्यावर 'परितोषण घेणे गुन्हा आहे' लिहिलं तर लोक समजतील की शाळेच्या गॅदरिंगबद्दल आहे.

वडील गेले तेव्हा वारसनोंदीच्या फेरफारासाठी 7 महिने खेटे घातले. कागद पूर्ण, हरकत कुणाची नाही. शेवटी बाहेर चहाच्या टपरीवर तिथल्याच एका माणसाने बाजूला घेतलं आणि म्हणाला, "दादा, साहेबांना खूश करा ना, किती दिवस हिंडता." आकडा बोलला नाही. मी खताला ठेवलेले पैसे दिले. नोंद 4 दिवसांत झाली. त्याला मी लाचच म्हणणार, परितोषण नाही.

तळटीप
सातबारा, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच झालं. पण तुम्ही माझाच मुद्दा लिहून ठेवलात. तो 'पैसे द्या' म्हणालाच नाही. 'खूश करा' म्हणाला. हाच तो ग्रॅटिफाय, आनंदही तोच आणि देणंही तेच. इंग्रजांनी काही झाकलं नाही. माणसं जे बोलतात तेच कायद्यात आलं.

सातबारा
माझ्या बापाच्या नोंदीतून तुमचा मुद्दा काढू नका.

कोर्टाची पायरी
दोघांनीही जरा थांबा. मी वकील, जिल्हा न्यायालयात 26 वर्षं, बहुतेक वेळ आरोपीच्या बाजूने. शब्दांचा खेळ तिथे रोज चालतो. सापळ्याच्या खटल्यात मागणी सिद्ध करावी लागते, आणि मागणी करणारा 'लाच' शब्द कधीच वापरत नाही. 'समजून घ्या', 'वजन ठेवा', 'चहापाण्याचं बघा', 'खुशीने काय ते'. उलटतपासणीत मी हेच विचारायचो की यात पैसे कुठे मागितले.

तळटीप यांना एक आठवण. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम 7 ला हाच शब्द होता. 2018 च्या दुरुस्तीने कलमातून तो काढून 'अनड्यू अ‍ॅडव्हान्टेज', म्हणजे गैरवाजवी लाभ, असा शब्द घातला. तेव्हा तुमचा लाडका शब्द कायद्यानेच बाजूला केला आहे.

तळटीप
साहेब, त्या गैरवाजवी लाभाची व्याख्या वाचा ना. वैध मोबदल्याखेरीज 'कोणतेही ग्रॅटिफिकेशन'. पुढच्या दाराने काढला आणि व्याख्येच्या दाराने परत आत घेतला. पैशापुरतं मर्यादित नाही, हे स्पष्टीकरणही तसंच ठेवलं.

कोर्टाची पायरी
व्याख्येचं बरोबर आहे, मान्य. पण शेक्सपिअरचा दाखला तुमच्यावरच उलटतो. तो 'गृहस्थ' म्हणजे वेश बदललेली पोर्शिया, बसानिओची बायको, आणि ती तिथे निवाडा करायला आलेली असते. निकाल लागल्यावर जिंकलेला पक्ष निवाडा करणाऱ्याला 3000 डुकाट देऊ करतो! आमच्या कायद्यात 'मोटिव्ह ऑर रिवॉर्ड' असे शब्द होते. आधी दिलं तरी गुन्हा, नंतर बक्षीस म्हणून दिलं तरी गुन्हा. तुम्ही ज्याला कृतज्ञता म्हणता ते सरळ कलम 161 आहे. ती पैसे नाकारते, पण बसानिओची अंगठी मागून घेतेच.

तळटीप
हा विचार मी केला नव्हता. तिथे तुमचं बरोबर आहे. पैसे नाकारताना पोर्शिया जे म्हणते ते मात्र विसरू नका: ज्याचं समाधान झालं त्याला मोबदला मिळालाच. समाधान आणि मोबदला एकाच वाक्यात. शब्दात दोन्ही होतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

रोनकाठ
मी फ्रान्समध्ये ल्यों इथे असते. मुलीला गेल्या वर्षी इंटर्नशिप मिळाली. 2 महिन्यांहून जास्त काळ काम असेल तर इथे पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि करारात त्या रकमेला शब्द आहे 'ग्रातिफिकासियों'. पगार नाही म्हणत. मी आधी इंग्रजी अर्थ लावून हसले की मुलीला कसला आनंद देताहेत हे लोक. जर्मनीत नाताळच्या बोनसलाही तोच शब्द चालतो. पेरूमध्ये कामगारांना जुलै आणि डिसेंबरमध्ये मिळणारी जादा रक्कमही 'ग्रातिफिकासियोन'. म्हणजे युरोपच्या बाकी भाषांनी देण्याचा अर्थ ठेवला आणि इंग्रजीने तो कायद्याच्या कपाटात टाकून बोलण्यात फक्त आनंद ठेवला.

भोसरीकर
रोनकाठताईंनी छान माहिती दिली. आता ग्रॅच्युइटीचं बोलू, कारण शब्द त्याच घरातला आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे स्वखुशीने दिलेली भेट. इंग्लंड-अमेरिकेत वेटरला देतात ती टिप. माझा छोटा कारखाना आहे, 14 माणसं. माझ्या खुशीची भेट सरकारने 1972 मध्ये सक्तीची केली. शब्दाचा अर्थ बघितला तर ही सक्ती शब्दालाच धरून नाही. माणूस 5 वर्षं टिकतो आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी ठेवून जातो, वर ग्रॅच्युइटी मागतो. कसली खुशी?

खडू-डस्टर
भोसरीकर, तुमचं वाचून हात थरथरतोय, चुका झाल्या तर क्षमा करा. मी 24 वर्षं एका विनाअनुदानित प्राथमिक शाळेत शिकवलं. मे 2003 मध्ये निवृत्त झाले. शेवटचा पगार महागाई भत्ता धरून 9,880. 26 ने भागा, 15 ने गुणा, मग 24 ने गुणा. 1,36,800 रुपये. हा आकडा मी झोपेत सांगू शकते. संस्थेने सांगितलं, शिक्षक हे ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं, पण संसदेने यावर कायदा करावा असंही सुचवलं. संसदेने 2009 मध्ये दुरुस्ती केली, 3 एप्रिल 1997 पासून लागू. मग खासगी शाळावाले तिच्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि 2022 मध्ये दुरुस्ती वैध ठरली.

ह्यांचं डायलिसिस सुरू होतं तेव्हा मी संस्थेच्या सचिवांकडे गेले होते. ते म्हणाले, "बाई, ही काही तुमची हक्काची रक्कम नाही, संस्थेची खुशी असते." तुमचाच शब्द. खुशी. ह्यांना जाऊन 2 वर्षं झाल्यावर पैसे मिळाले.

भोसरीकर
बाई, तुमच्या बाबतीत झालं ते अन्यायाचंच. पण मी शाळा चालवत नाही. दर सहा महिन्यांनी ऑर्डर कमी होते तेव्हा माझी खुशी कोण बघतं? मी फक्त शब्दाचा अर्थ सांगितला.

खडू-डस्टर
शब्दाचा अर्थ सांगायचा तर पूर्ण सांगा. वरच तळटीप यांनी लिहिलंय, ग्रातुस म्हणजे उपकार जाणणारा. मग ग्रॅच्युइटीत मालकाची खुशी कशी? कामगाराने केलेल्या कामाची ती मालकाने ठेवलेली जाण आहे. उपकार माझे होते. मी 24 वर्षं मुलांची अक्षरं घोटून घेतली, ती संस्थेवर उपकार म्हणून नाही, पण सचिवसाहेब खुशीची भाषा करणार असतील तर मग मीही उपकाराची करते.

कोर्टाची पायरी
बाई, कायदाही तुमच्याच बाजूने आहे. पूर्वी ग्रॅच्युइटी ही दीर्घ आणि चांगल्या सेवेबद्दल मालकाने दिलेली देणगी मानत. 1972 नंतर ती हक्क झाली. भोसरीकर, 10 किंवा अधिक माणसं असली की तुम्ही त्यात आलात. दिवाळीची पोस्त देताना मर्जी चालते, इथे चालत नाही.

भोसरीकर
पोस्तही देतोच मी दरवर्षी, कुणी सांगितलं नसताना. आणि ग्रॅच्युइटी एकाचीही बुडवलेली नाही, हेही लिहून ठेवा. बाईंचा जाणिवेचा मुद्दा... ठीक आहे. पण 5 वर्षं आणि 1 दिवसवाल्याबद्दल मी मत बदलणार नाही.

खडू-डस्टर
नका बदलू. दिलीत तेवढं पुरे.

मोडीवाचक
ग्रॅच्युइटीवरून धागा भोसरीला जाऊन आला, आता मराठीवर या. 'परितोषण' ऐकून सातबारा गॅदरिंग म्हणाले ते थट्टा म्हणून सोडून देऊ नका. पारितोषिक शब्द परितोषातूनच आला. परितोष म्हणजे तृप्ती. तृप्त होऊन दिलेलं ते पारितोषिक. बक्षीस फारसीतून आलं, तिथे त्या धातूचे अर्थ देणं आणि माफ करणं असे दोन्ही. आणि लग्नात, बारशाला, पेढे वाटताना 'खुशी' मागतात ती काय मनाची अवस्था मागतात? नोट मागतात. म्हणजे खूश होणं, खूश करणं आणि त्यासाठी काही देणं ही गाठ आपल्याकडेही घट्ट आहे. अनुवादकांचं टिपण इंग्रजीबद्दल चुकलंय, त्याहून जास्त मराठीबद्दल चुकलंय. लाच शब्दही संस्कृतातल्या 'लञ्चा'शी जोडलेला, तिकडे कानडी-तेलुगूतही लंच, लंचम. पण त्या शब्दात आधीपासून दोषच आहे. गोडवा नाही. म्हणून तो बोर्डावर उत्तम आणि कलमात अपुरा.

सातबारा
म्हणजे बोर्डावर लाच, हे तरी मान्य.

तळटीप
बोर्डावर लाच, शंभर टक्के मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये बोर्ड आणि कलम यांत मी फरक केला नाही, ती चूक. 'लाच'मध्ये भावाची नोकरी मावत नाही, असंही मी लिहिलं होतं. बोलण्यात मावते. आरोपपत्रात तिच्यावर भांडण होतं, आणि कोर्टाची पायरी यांच्यासारखे ते भांडण जिंकतात.

कोर्टाची पायरी
जिंकायचो. हल्ली सोपं राहिलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते.

सातबारा, तुमचं प्रकरण जुनं आहे, पण पुढे कधी असं घडलं तर दोन गोष्टी. द्यावंच लागलं तर 7 दिवसांच्या आत तक्रार करा, नाहीतर 2018 नंतर देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. हेल्पलाइन 1064. दुसरं, जबाबात 'लाच मागितली' असं आपल्या शब्दांत लिहू नका. तो जे बोलला तेच लिहा, जसंच्या तसं, 'साहेबांना खूश करा'. तुमचा शब्द आम्ही उलटतपासणीत फोडतो. त्याचा शब्द फुटत नाही.

सातबारा
चुलतभावाचा फेरफार सध्या तिथेच अडकलाय. माणूसही तोच, टपरीही तीच. त्याला सांगतो हे. तो 'खूश करा' म्हणाला तर 'खूश करा'च लिहील.