चुंबकीय नॅनोकण विद्यापीठाच्या नॅनो केंद्रात तपासायला द्यायचे आहेत: टेम, एक्सआरडी, व्हीएसएमसाठी नमुना कसा तयार करावा?

लोहकण यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

सह-अवक्षेपणाने (दोन क्षारांच्या द्रावणातून एकत्र साका पाडून) मॅग्नेटाईटचे, म्हणजे काळ्या चुंबकीय लोह ऑक्साईडचे, नॅनोकण केले आहेत. प्रमाण असे: फेरिक क्लोराईड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम, फेरस क्लोराईड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम, म्हणजे मोलमध्ये २:१. १०० मिली पाणी, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ८०° से. तापमान, त्यात अमोनिया थेंबथेंब आणि पीएच १० च्या वर. चुंबकाने खाली बसवून पीएच ७ येईपर्यंत धुतले, ओव्हनमध्ये वाळवले. साधारण २ ग्रॅम काळी पावडर मिळाली. निम्म्या पावडरीवर नंतर सायट्रिक आम्लाचा लेप दिला आहे.

आता हे विद्यापीठाच्या नॅनोविज्ञान केंद्रात द्यायचे आहे. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान एकाच छताखाली असल्याने एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन), एफई-सेम आणि टेम (दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), व्हीएसएम (चुंबकत्व मोजणे), बीईटी (पृष्ठफळ मोजणे), डीएलएस (द्रवातल्या कणांचा आकार प्रकाशाने मोजणे) सगळे होते. पुढे पेशींवर एमटीटी चाचणीही (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणारी) करायची आहे. प्रश्न असे:

१. फॉर्मवर 'नमुना चुंबकीय आहे का?' असा रकाना आहे. 'हो' लिहिले तर टेम नाकारतात का?
२. कुठल्या चाचणीला किती पावडर लागते, आणि आधी काय करावे?
३. टेमचे दोनच नमुने परवडतील. कुठले द्यावेत?

---

इलेक्ट्रॉनझोत:

'हो' असेच लिहा. टेममध्ये नमुना चुंबकीय वस्तुभिंगाच्या (ऑब्जेक्टिव्ह लेन्सच्या) दोन ध्रुवांमध्ये बसतो. ती फट काही मिलिमीटरचीच असते आणि तिथले चुंबकीय क्षेत्र साधारण २ टेस्ला. ग्रिडवर (नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) सुटा राहिलेला कण तिथे उडून ध्रुवाला चिकटला की प्रतिमा एका दिशेने ओढल्यासारखी दिसते आणि ते अॅस्टिग्मॅटिझम दुरुस्त होत नाही. मग स्तंभ उघडावा लागतो, आणि तोवर सगळ्या विभागांचे बुकिंग थांबते. म्हणून ऑपरेटरला धास्ती असते ती सुट्या पावडरीची. कण ग्रिडला नीट धरून आहेत एवढे पटले की बहुतेक ठिकाणी वाट निघते.

ग्रिड अशी करा. १ मिग्रॅ पावडर १० मिली इथेनॉलमध्ये घालून बाथ सोनिकेटरमध्ये १५ मिनिटे ठेवा. त्यातले अर्धा मिली घेऊन आणखी ५ मिली इथेनॉलमध्ये टाका. द्रव डोळ्यांना जवळजवळ रंगहीन दिसला पाहिजे. चहाचा रंग असेल तर ग्रिडवर नुसते ढीग दिसतील. १० मिनिटे तसेच राहू द्या, वरच्या थरातले ५ मायक्रोलिटर घ्या आणि ३०० मेशच्या कार्बन लेपाच्या तांब्याच्या ग्रिडवर, कार्बनची बाजू वर ठेवून, सोडा. दोन मिनिटांनी गाळणकागदाची कड ग्रिडच्या काठाला टेकवून जास्तीचा द्रव शोषून घ्या. झाकलेल्या पेट्री डिशमध्ये रात्रभर वाळवा.

दुसऱ्या दिवशीची पायरी बरेच जण गाळतात. ग्रिड चिमट्यात घट्ट धरून निओडिमियमचा चुंबक कार्बनच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटरवर आणा. जे सुटे आहे ते इथेच निघून जाऊ दे, यंत्रात नको. चिमटा अचुंबकीय हवा. निकेलची ग्रिड अजिबात नको, ती स्वतःच चुंबकीय आहे. फॉर्मवर 'पातळ थेंब, चुंबकाने तपासलेली ग्रिड' असे लिहा.

एवढे करूनही नकार आला तर दोन पर्याय आहेत. एक, दुमडणारी दुहेरी ग्रिड, ज्यात कण दोन पापुद्र्यांमध्ये अडकतात. दुसरा, कण इपॉक्सी रेझिनमध्ये घट्ट करून अल्ट्रामायक्रोटोमने सुमारे ७० नॅनोमीटर जाडीचे काप घेणे. हे यंत्र सहसा जीवशास्त्राच्या बाजूला असते आणि पदार्थविज्ञानाच्या लोकांना ते आठवतच नाही. अशा केंद्राचा खरा उपयोग इथे होतो, शेजारच्या खोलीत जाऊन विचारा.

लेपित नमुन्यात जास्तीचे सायट्रिक आम्ल राहिले तर झोताखाली कार्बनचा काळा डाग वाढत जातो. चुंबकाने बसवून पाण्याने तीनदा आणि इथेनॉलने एकदा धुवा. प्रतिमांसोबत इलेक्ट्रॉन विवर्तनाची कडीही मागा: ०.२५३ नॅनोमीटर हे ३११ प्रतलांचे अंतर आणि ०.२९७ हे २२० चे. आकाराचे वितरण काढायला निदान २०० कण मोजा. चांगले दिसणारे २० निवडून काढलेली सरासरी परीक्षक मान्य करत नाहीत.

एफई-सेमवर पैसे घालू नका. १० नॅनोमीटरचे कण त्यात धड सुटे दिसत नाहीत, आणि वर दिलेल्या सोन्याच्या मुलाम्याचे दाणेच नॅनोकण म्हणून प्रबंधात छापले जातात.

---

ब्रॅगकोन:

एक्सआरडी सगळ्यात आधी. स्वस्त आहे, पावडर परत मिळते, आणि मॅग्नेटाईटऐवजी हेमटाईट (लाल, जवळजवळ अचुंबकीय लोह ऑक्साईड) झाले असेल तर पुढचा सगळा खर्च वाचतो. २०० ते ३०० मिग्रॅ द्या. अॅगेटच्या (अकीक दगडाच्या) खलातच वाटा. स्टीलचा चमचा किंवा खल वापरला तर त्यातले लोह व्हीएसएममध्ये दिसते.

बहुतेक यंत्रांत तांब्याची नळी असते आणि त्या किरणांनी लोह स्वतःच चमकू लागते, त्यामुळे पार्श्वभूमी उंच येते आणि शिखरे बुटकी. मोनोक्रोमेटर किंवा ऊर्जा निवडणारा डिटेक्टर आहे का हे विचारा. कोबाल्टची नळी असेल तर उत्तमच, फक्त शिखरांचे कोन बदलतात हे लक्षात ठेवा. २०° ते ७०°, पायरी ०.०२°, प्रत्येक पायरीला २ सेकंद, असे सांगितले तर साधारण ८३ मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या घाईच्या स्कॅनवर शेरर सूत्र (शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणारे) लावू नका.

शेररमध्ये नेहमी होणाऱ्या चुका दोन. समजा ३५.५° च्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.८° आहे. ती रेडियनमध्ये ०.०१३९६ होते. ०.९ × ०.१५४०६ (किरणांची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये) ला ०.०१३९६ × कॉस १७.७५° (शिखराच्या कोनाचा निम्मा) ने भागले की १०.४ नॅनोमीटर येतात. अंश तसेच ठेवले तर ०.१८ येते, जे एका एकक कोशिकेपेक्षाही लहान आहे. दुसरी चूक, यंत्राची स्वतःची रुंदी वजा न करणे. ती ०.१° असेल आणि साधी वजाबाकी केली तर तोच आकार ११.९ होतो. त्यासाठी केंद्राकडून सिलिकॉन किंवा लॅन्थॅनम हेक्साबोराइड प्रमाण नमुन्याची फाईल मागून घ्या.

ओव्हनचे तापमान तुम्ही लिहिलेले नाही. उघड्या ओव्हनमध्ये १००° से. च्या वर वाळवले असेल तर मॅग्नेटाईटचे मॅगेमाईट (ऑक्सिडीकरण झालेले तपकिरी रूप) झालेले असू शकते. पावडर पांढऱ्या कागदावर पातळ पसरून उजेडात बघा. काळ्याऐवजी तपकिरी छटा असेल तर शंका घ्या. दोघांच्या कोशिकेची बाजू ८.३९६ आणि ८.३४६ अँगस्ट्रॉम, इतकी जवळ की रुंद शिखरांत फरक कळत नाही. मॉसबाउअर वर्णपट (लोह फेरस की फेरिक ते दाखवणारा) घेतला तर खात्री होते. रामनमध्ये (लेझरने घेतलेल्या वर्णपटात) मॅग्नेटाईटचे शिखर ६७० प्रति सेंमी च्या आसपास येते, पण लेझरची शक्ती अगदी कमी ठेवायला सांगा. जास्त ठेवली तर नमुना तिथेच भाजून हेमटाईट होतो आणि तुमच्या पावडरीवर नसलेला दोष येतो. पुढच्या वेळी व्हॅक्यूम ओव्हन आणि ६०°.

व्हीएसएमला १० ते २० मिग्रॅ पुरते, पण वजन ०.१ मिग्रॅपर्यंत अचूक हवे. कॅप्सूलमध्ये पावडर दाबून बसवा, टेफ्लॉन टेप भरा. ढिली राहिली तर कण क्षेत्रात फिरतात आणि वक्र खोटा येतो. मोठ्या तुकड्यातल्या (बल्क) मॅग्नेटाईटचे संपृक्त चुंबकत्व सुमारे ९२ ईएमयू प्रति ग्रॅम असते. तुमचे ५० ते ७० आले तर घाबरू नका. लेपित नमुन्यात लेपाचे वजन टीजीएवरून (तापवत नेऊन वजनातली घट मोजून) वजा करा.

बीईटीला २०० मिग्रॅ. १० नॅनोमीटरच्या सुट्या गोळ्यांचे पृष्ठफळ हिशोबाने ११६ चौ. मी. प्रति ग्रॅम येते. मोजमापात ७० आले तर कण एकमेकांना चिकटलेले आहेत असे समजा. लेपित नमुना ३००° वर डीगॅस (मोजणीआधी तापवून वायू काढणे) करू देऊ नका, लेप जळेल.

---

पेशीपटल:

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. पण पेशींसाठी ही पावडर वापरू नका. एकदा वाळलेले मॅग्नेटाईटचे कण सोनिकेटरने पूर्ण सुटे होत नाहीत, आणि लेप नंतर दिला असल्याने तो एकेका कणावर न बसता गठ्ठ्यांवर बसला आहे. नवीन बॅच करा, धुतल्यावर न वाळवता त्यातच सायट्रेट द्या आणि पाण्यातच ४° से. ला ठेवा. गोठवू नका. एक्सआरडी, व्हीएसएम, बीईटीसाठी लागेल तेवढाच भाग वाळवा.

डीएलएससाठी ०.०५ ते ०.१ मिग्रॅ प्रति मिली. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक गठ्ठा १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. झीटा विभव (कणाच्या पृष्ठभागाजवळचे विद्युत विभव) निव्वळ पाण्यात न मोजता १० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात मोजा आणि सोबत पीएच लिहा.

एमटीटीमध्ये ५७० नॅनोमीटरवर हे कण स्वतः प्रकाश शोषतात, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत दिसू शकतात. प्रत्येक मात्रेला 'पेशी नाहीत, फक्त कण' असा प्लेटमधला एक खड्डा (वेल) ठेवा, आणि फॉर्माझान (चाचणीत तयार होणारे जांभळे स्फटिक) विरघळल्यावर प्लेट चुंबकावर ठेवून वरचा द्रव नव्या प्लेटमध्ये घेऊन मोजा. मात्रा लोहाच्या मायक्रोग्रॅममध्ये सांगा. त्यासाठी आयसीपीच (मूलद्रव्ये मोजणारे यंत्र) हवे असे नाही. कण हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, हायड्रॉक्सिलअमीनने सगळे लोह फेरस करा, पीएच ४-५ वर आणून १,१०-फिनँथ्रोलीन घाला आणि ५१० नॅनोमीटरवर वाचा. हे कुठल्याही महाविद्यालयात होते.

---

लोहकण:

ओव्हन उघडाच होता, ११०°. छटा तपकिरी आहे. नवीन बॅच करतो. टेम १०, एक्सआरडी १२ आणि डीएलएस ९० आले तर प्रबंधात कुठला आकार लिहू? आणि केंद्रात टेमला दोन महिन्यांची रांग असेल तर दुसरीकडे कुठे?

---

पेशीपटल:

तिन्ही लिहा, कशाचा आकार ते स्पष्ट करून. टेम म्हणजे कणाचा गाभा, एक्सआरडी म्हणजे सलग स्फटिकाचा भाग, डीएलएस म्हणजे लेप आणि पाण्याच्या थरासकट पाण्यात हलणारी वस्तू. पेशीला भेटते ती तिसरी.

---

ब्रॅगकोन:

पवईला आयआयटीतले सैफ (बाहेरच्यांनाही खुले असलेले अत्याधुनिक उपकरणांचे केंद्र) आहे, ते १९७६ पासून बाहेरच्यांचे नमुने घेते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही सैफ आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणे शोधता येतात. आयएनयूपीची (नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्त्यांच्या कार्यक्रमाची) जाहिरात बघून मात्र अर्ज करू नका. तो कार्यक्रम मुख्यतः क्लीनरूममध्ये (धूळमुक्त खोलीत) इलेक्ट्रॉनिक डिव्हाइस घडवण्यासाठी आहे.

कुरिअरने काचेच्या स्क्रू-कॅप कुपीतच पाठवा, झाकणाला पॅराफिल्म. प्लास्टिकच्या पुडीत हे कण भिंतीला चिकटून अर्धे तिथेच राहतात. कुपीवर बनवल्याची तारीख लिहा.

---

इलेक्ट्रॉनझोत:

तिसरा प्रश्न राहिला होता. लेप नंतरच दिलेला असल्याने गाभा दोन्हींचा सारखाच. म्हणून बिनलेपाच्या नमुन्याला एक्सआरडी पुरे, टेमचे दोन्ही स्लॉट लेपितला द्या: एक ताजा, दुसरा पेशींच्या माध्यमात २४ तास ठेवलेला. दुसऱ्याची ग्रिड वाळण्याआधी निर्जंतुक पाण्याच्या तीन थेंबांवर अर्धा-अर्धा मिनिट उपडी ठेवून धुवा, नाहीतर माध्यमातल्या मिठाचे स्फटिक पसरतील आणि कण त्याखाली जातील. ग्रिड बॉक्समधला खण क्रमांक फॉर्मवर आणि वहीत, दोन्हीकडे लिहा. दोन्ही ग्रिड डोळ्यांना सारख्याच दिसतात.