पार्किन्सनमध्ये चालताना पाय खिळतात : टीएमएसचा उपयोग होतो का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळतात आणि वरचे अंग मात्र पुढे झुकत राहते, त्यामुळे ते पडतील अशी सतत धास्ती वाटते. शस्त्रक्रिया न करता चुंबकाने मेंदूला उत्तेजन देणाऱ्या टीएमएस (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) उपचाराने चालणे सुधारते का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, वाशी)
टीएमएस १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी प्रथम दाखवले. डोक्यावर धरलेल्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या बाह्यस्तरात विद्युतप्रवाह निर्माण होतो. परंतु पायांचे नियंत्रण करणारा भाग दोन गोलार्धांमधल्या खाचेत खोलवर असल्याने तिथपर्यंत पोहोचणे हाताच्या भागापेक्षा अवघड जाते. काही अभ्यासांत चालण्याचा वेग वाढल्याचे दिसले, तरी परिणाम सर्वांना सारखा मिळत नाही आणि तो कायमचाही नसतो. चालण्याच्या नियमित सरावाची जागा हा उपचार घेऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (ऐरोली)
डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र) असेल, अथवा पूर्वी फिट आली असेल, तर टीएमएस घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना अवश्य सांगावे. दरम्यान उंबरठ्यापाशी पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावून पाहा. आमच्या आईला पट्टा ओलांडायचा म्हटले की पाऊल उचलता येते. औषधाचा असर उतरताना पाय जास्त खिळतात का, याची वेळेनिशी नोंद ठेवून तीही डॉक्टरांना दाखवावी.