व्यसनावरच्या सिनेमात व्यसनाची मजा दाखवावी का?

रानवाट:
काल 'अनकट जेम्स' (२०१९) दुसऱ्यांदा पाहिला. हॉवर्ड जवाहिऱ्या, गळ्यापर्यंत कर्ज. हातात पैसे येतात, वसुलीवाले दुकानाच्या दोन दारांमध्ये कोंडलेले, आणि हा माणूस ती अख्खी रक्कम बास्केटबॉलच्या सामन्यावर लावायला पाठवून देतो. सामना संपेपर्यंत मी मुठी आवळून बसले होते. तो जिंकावा असं मला मनापासून वाटत होतं! तो जिंकतो. दार उघडतं आणि लगेच गोळी.
माझं म्हणणं एवढंच, की ती झिंग आधी आपल्याला चढली पाहिजे. नुसती दुर्दशा दाखवली तर आपण 'मी नाही बुवा त्यातला' म्हणत मोकळे होतो. जुगारी दु:खासाठी खेळत नाही. आज हरलेलं उद्या भरून काढू, हीच त्याची खरी नशा.

कोरा कागद:
अजिबात पटलं नाही. 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' (२०१३) घ्या. एका लबाड शेअर दलालाची गोष्ट, तीन तास पैसा, पार्ट्या, ड्रग्ज. ज्यांना लुबाडलं ते जवळजवळ दिसतच नाहीत, फोनच्या पलीकडचे आवाज फक्त. आमच्या ऑफिसातली पोरं त्यातली भाषणं 'मोटिव्हेशन' म्हणून ग्रुपवर टाकतात. झिंग पोचली, पुढचं पोचलंच नाही.

रानवाट:
पण शेवटचा शॉट? तुरुंगातून सुटलेला तोच माणूस पेन विकायला शिकवतोय आणि कॅमेरा समोर बसलेल्यांच्या आशाळभूत चेहऱ्यांवर थांबतो. ते चेहरे आपलेच आहेत.

कोरा कागद:
तीन तासांनंतर एक शॉट. तोवर पोरांनी क्लिप कापून घेतलेली असते.

सांजवेळ:
मी दारू पिणाऱ्या माणसाची मुलगी. मला या दोन्हींपेक्षा 'द लॉस्ट वीकेंड' (१९४५) जवळचा वाटतो. त्यातला दारुडा लेखक बाटली दोरीला बांधून खिडकीबाहेर लटकवतो. बारमध्ये ग्लासाखाली ओली वर्तुळं उमटतात, ती पुसू नकोस म्हणतो. मजा नाही, सारखी लपवाछपवी. आमच्याकडे बाटली जुन्या सुटकेसमध्ये असायची, स्वेटरांच्या खाली.
त्याचा शेवट मात्र मला खोटा वाटतो. ग्लासात सिगारेट टाकली आणि कादंबरी लिहायला घेतली, इतक्यात सुटते होय? बाबांनी माझ्यासमोर तीनदा सोडली.

कोरा कागद:
हेच म्हणतोय मी. घरातलं माणूस या सिनेमांत कडेलाच उभं असतं. विचारू का, आईला त्या सुटकेसचं माहीत होतं?

सांजवेळ:
होतं. दर रविवारी ती सुटकेस वरून पुसायची. उघडायची नाही.